अर्ध्या गुणाची काशीयात्रा

काशीहून परतल्यापासून वाईत भेटणारा प्रत्येक सद्गृहस्थ मला दोन प्रश्न विचारतो: दर्शन नीट झाले का, आणि गंगाजल आणले का. दोन्ही प्रश्नांची माझ्याजवळची उत्तरे समाधानकारक नाहीत. म्हणून हे लेखी निवेदन.

मी काशीला गेलो तो बास्केटबॉल पाहण्यासाठी. माझा भाचा माधव व्हीलचेअर बास्केटबॉलच्या भारतीय संघात निवडला गेला होता आणि चार देशांची स्पर्धा या जानेवारीत वाराणसीत भरली होती. माधव पूर्वी वायरमन होता. आठ वर्षांपूर्वी विजेच्या खांबावरून पडला आणि कंबरेखालचे शरीर त्याच्या आज्ञेबाहेर गेले. तेव्हापासून त्याच्या वतीने पत्रे लिहिणे हा माझा मुख्य व्यवसाय झाला आहे. वकिली त्यामानाने जोडधंदाच होती. माधव नोकरी करण्यास समर्थ आहे, वाहन चालविण्यास समर्थ आहे, मतदान करण्यासही समर्थ आहे, असमर्थ आहेत त्या मतदान केंद्राच्या पायऱ्या, असे मी निरनिराळ्या कार्यालयांना कळवीत आलो. आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठविले आहे, असे उत्तर बहुतेकांनी दिले. हा संबंधित विभाग मला एकदा प्रत्यक्ष पाहायचा आहे.

आता या खेळातला एक नियम सांगितल्यावाचून पुढचे काही कळणार नाही. प्रत्येक खेळाडूच्या शरीराला काय जमते ते पाहून त्याला एकपासून साडेचारपर्यंत श्रेणी देतात. ज्याला कमी जमते त्याची श्रेणी कमी. मैदानावरच्या पाच जणांच्या श्रेणींची बेरीज चौदाच्या वर जाता कामा नये. म्हणजे कोणत्याही संघाला केवळ धडधाकट कमरेचे गडी जमवून जिंकता येत नाही. ज्याला खुर्चीत तोल सांभाळणेही कठीण आहे, त्याच्यासाठी जागा ठेवावीच लागते. चाळीस वर्षांच्या वकिलीत न्यायाची इतकी सुबक कल्पना माझ्या पाहण्यात आली नव्हती. माधवची देशातली श्रेणी दोन होती. पहिल्या पाचांची बेरीज त्याला धरून बरोबर चौदा होत असे. मात्र ही त्याची पहिलीच आंतरराष्ट्रीय स्पर्धा असल्याने तीन परीक्षकांचे मंडळ त्याला खेळताना पाहून श्रेणी नव्याने ठरविणार होते.

दूधविनायक

संघ शहराबाहेरच्या हॉटेलात होता. मी उतरलो ते दूधविनायकाच्या गल्लीत, माझी चुलत बहीण उषा हिच्या घरी. तिचे यजमान नारायणशास्त्री संस्कृत पाठशाळेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांचे घराणे सात पिढ्यांपूर्वी कोकणातून येथे आले. त्यामुळे कोकणात एकदाही न गेलेला हा मनुष्य स्वतःला कोकणस्थ म्हणवतो आणि आंबा म्हणून लंगडा खातो. घरात सर्व मराठी बोलतात. तथापि त्या मराठीत क्रियापदे तेवढी आपली आणि बाकी वस्ती परप्रांतीयांची, असा प्रकार आहे.

"आप्पासाहेब, आराम से बसा ना," हे त्यांचे पहिले वाक्य. "वकिली स्टेशनवरच ठेवून यायची होती. इथं अपील फक्त विश्वनाथाकडे चालतं, आणि तो तारीख देत नाही."

मेहुण्याच्या नात्याने त्यांना थट्टेचा अधिकार आहे आणि तो ते पूर्ण क्षमतेने वापरतात.

सकाळी उषाने मटार घातलेले, तुपात परतलेले पोहे पुढे ठेवले. मी त्यांना पोहे म्हणताच शास्त्रीबुवांनी चमचा खाली ठेवला. हा चूडा-मटर आहे, पोहे नव्हेत, असे त्यांनी मला बजावले. पोहे तेच, मटार तेच, फोडणीत आले अधिक आणि शेंगदाणे अजिबात नाहीत. पदार्थाचे नाव बदलल्याने त्याची ओळख बदलते काय, असा प्रश्न मी उपस्थित केला. उषाने तिसऱ्यांदा वाढून तो निकालात काढला. तिच्या हाताला अजून वाईची चव आहे. फक्त वरणात गूळ घालण्याचे ती या प्रांतात विसरली आहे. मी ही गोष्ट तिच्या निदर्शनास आणून दिली. रात्रीच्या वरणात इतका गूळ होता की ते पुरणाच्या नातलगांत मोडावे.

त्या दिवशी दुपारी मी हॉटेलवर जाऊन संघाची व्यवस्था पाहिली. माझ्या खिशात मोजपट्टी नेहमी असते. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एक फूट उंचीस बारा फूट लांबी, असे असावे लागते. हॉटेलच्या दारातला उतार एकास पाच भरला. मी तेथेच बसून व्यवस्थापकास दोन पानांचे पत्र लिहिले. दुसऱ्या सकाळी त्या उतारावर लाल गालिचा अंथरलेला होता. माझ्या पत्राचा एवढा तत्पर परिणाम आजवर कधी झालेला नाही. गालिच्यात चाके रुतून तीन खेळाडू मध्येच अडकले, तेव्हा संघाने मला नोटीसमामा ही पदवी दिली. ती अद्याप परत घेण्यात आलेली नाही.

क्रीडागृह

पहिला सामना नेपाळशी होता. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांनी मनातली करुणा दारात चपलांशेजारी काढून ठेवावी. खेळाच्या खुर्चीची चाके खाली पसरट, वर एकमेकांकडे झुकलेली असतात. त्या खुर्च्या एकमेकींवर आदळतात तेव्हा एस.टी. स्टँडवर ट्रंका फेकल्यासारखा आवाज होतो. मी पहिल्या दोन मिनिटांत चार वेळा उठून उभा राहिलो. पाचव्या वेळी मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून, "बइठा चाचा, अबहीं केहू मरल नाहीं," म्हणजे अजून कोणी मेलेले नाही, असे सांगितले.

श्रेणी ठरविणाऱ्या मंडळाच्या प्रमुख एक परदेशी डॉक्टरबाई होत्या. उंच, शांत, पापणी न हलविणाऱ्या. खेळाडूने चेंडू घेताना कंबर किती वळते, हात सोडून पुढे झुकल्यावर तो परत सरळ होतो की नाही, हे त्या पाहतात. माधवने त्या दिवशी काय करावे? चेंडू रेषेबाहेर चालला असता दोन्ही हात सोडून खुर्चीच्या पुढे झेपावला, चेंडू उचलला, सरळ झाला आणि सहकाऱ्याकडे फेकला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र, हे बाईंच्या नजरेतून सुटले असावे, अशी मनोमन प्रार्थना केली. सुटले नव्हते. सामना आम्ही जिंकलो आणि तासाभराने निकाल लागला: माधवची श्रेणी अडीच.

तुम्ही म्हणाल, वाढली तर बरेच झाले. बेरीज करून पाहा. पहिल्या पाचांची बेरीज साडेचौदा झाली. अर्ध्या गुणापायी माधव बाहेर, आणि त्याच्या जागी हरीश नावाचा दोन श्रेणीचा खेळाडू आत. दुसऱ्या सामन्यात माधव पूर्ण वेळ कडेला बसून राहिला. तो सहकाऱ्यांना पाणी देत होता, मोठ्याने हसत होता. त्याच्या आईसारखाच तो वाईट वाटले की जास्त हसतो.

प्रशिक्षक तोमर हे मोजके बोलणारे गृहस्थ. निर्णयावर हरकत घेता येईल काय, असे मी विचारले. संघाच्या वतीने घेता येते, अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी नऊपर्यंत मुदत आहे, असे ते म्हणाले. पण खेळाडूच्या सहीशिवाय मी कागद पुढे पाठवीत नाही, हेही त्यांनी सांगून टाकले. मग माझ्या हातातल्या फाईलकडे पाहून त्यांनी एक सुस्कारा टाकला. तो मी संमती समजलो.

अर्ज लिहावयास मला एक पूर्ण दिवस लागला. चार पाने, अकरा मुद्दे. माधवला काय काय जमत नाही याची इतकी परिपूर्ण नोंद कोणा वैद्यानेही केली नसेल. सातवा मुद्दा कळीचा होता: दोन्ही हात मोकळे असताना पुढे झुकून आधाराशिवाय पुन्हा सरळ होणे सदर खेळाडूस शक्य नाही, पहिल्या सामन्यात घडले तो केवळ योगायोग होय. शास्त्रीबुवांचे अक्षर मोत्यासारखे आहे, म्हणून स्वच्छ प्रत त्यांनी करावी असे ठरले. ते शेवटच्या पानापर्यंत गेले आणि थबकले. कोणत्याही अर्जाला पूर्वीचा सर्व पत्रव्यवहार जोडावयाचा, ही माझी चाळीस वर्षांची शिस्त. त्यानुसार मी परिशिष्ट म्हणून आठ वर्षांतली सर्व पत्रे जोडली होती.

शास्त्रीबुवांनी चष्मा कपाळावर चढवला. "वकीलसाहेब, अर्ज म्हणतो पोराला काही जमत नाही. परिशिष्ट म्हणतं त्याला सगळं जमतं, आणि ते तर तीसेक पानं आहे. मी जज असतो तर जाड कागदाची बाजू घेतली असती."

ती पत्रे वेगळ्या कार्यालयांना, वेगळ्या कारणांसाठी लिहिलेली होती, असे मी त्यांना समजावून सांगितले. ते बिलकुल, बिलकुल म्हणत राहिले. हा मनुष्य बिलकुल म्हणतो तेव्हा त्याला काहीही पटलेले नसते.

बालाजी घाट

त्याच संध्याकाळी, म्हणजे अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, माधव सही करण्यासाठी आणि गंगा पाहण्यासाठी आमच्याकडे आला. मोठ्या रस्त्यावर रिक्षा सोडली की पुढे गल्ल्या. मोटार शिरू शकत नाही, हे या भागाचे भाग्य. माधवची रोजची खुर्ची अरुंद आहे. मी ठिकठिकाणी मोजपट्टी लावून पाहिली. सर्वांत अडचणीच्या जागी दोन्ही बाजूंना चार चार बोटे उरत होती. मात्र त्या जागी एक बैल उभा होता. त्याची रुंदी मी गृहीत धरली नव्हती. मार्गाच्या हक्कासंबंधी मी काही बोलणार, इतक्यात पानवाल्याने मुळ्याचा पाला दाखवून बैलाला पलीकडे नेले.

वाईच्या बाजारातून माधव निघाला की लोक बाजूला होतात आणि हळहळतात. काशीत कोणी बाजूला झाले नाही आणि कोणी हळहळलेही नाही. "गुरू, जरा साइड," असे म्हणत स्कूटरवाले त्याच्या चाकाला चाक घासून गेले. एका म्हाताऱ्याने तर तूच मागे हो म्हणून हुज्जत घातली. माधवचा चेहरा उजळला. मी स्कूटरांचे नंबर टिपून घेत होतो आणि तो मला म्हणाला, "मामा, इथं राहायला यायचं का?"

शास्त्रीबुवांसह घाटावर आलो तेव्हा नदीवर धुके उतरू लागले होते आणि पलीकडचा वाळूचा काठ दिसेनासा झाला होता. आमच्या वाईचा घाट मला प्रिय आहे. कृष्णामाई घरातल्या माणसासारखी पायाशी येऊन बसते. ही नदी तशी नव्हे. ती इतकी रुंद आहे की तिच्याशी वाद घालावा असेही मला वाटले नाही. हे मी फारच कमी जणांविषयी म्हणू शकतो.

पाण्यापर्यंत सतरा पायऱ्या होत्या. उतार अर्थातच नव्हता. दोघे नावाडी खुर्ची उचलावयास पुढे झाले. माधवने त्यांना फक्त खुर्ची धरायला सांगितली, स्वतः पायरीवर उतरला आणि तळहातांवर भार टाकून एकेक पायरी बसत बसत खाली गेला. मी कोट सांभाळत त्याच्या मागोमाग. माझाच पाय दोनदा सटकला. शेवटच्या पायरीवर त्याने एका हाताने दगड धरला आणि दुसरा पाण्यात बुडवला.

"एका हातानं नाही रे," शास्त्रीबुवा म्हणाले. पाठशाळेतला आवाज अजून गेलेला नाही. "अर्घ्य दोन्ही हातांनी द्यायचं. ओंजळीनं. गंगाजी एका हाताचं घेत नाही."

माधवने दगड सोडला. तो पुढे झुकला, ओंजळ भरली आणि सावकाश, मान आणि पाठ ताठ होईपर्यंत सरळ झाला. मावळतीचा उजेड आमच्या पाठीमागे घरांआड गेला होता. त्याने मान वळवून तिकडे पाहिले आणि ओंजळ सोडली. पुन्हा झुकला. असे तीनदा. तिसऱ्या वेळी त्याच्या बोटांतून एक थेंबही आधी सांडला नाही.

"वकीलसाहेब," शास्त्रीबुवा हळूच म्हणाले, "तुमचा सातवा मुद्दा तर वाहून गेला."

"कसला मुद्दा?" माधवने विचारले.

अर्ज परिशिष्टांसह माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होता. तो दिला. त्याने ओले हात स्वेटरला पुसले आणि पायरीवर बसूनच चारही पाने वाचली. त्याला काही वाचायला दिले की तो ओठ हलवीत वाचतो; लहानपणापासून तसा आहे. सातव्या मुद्द्यापाशी ओठ थांबले.

"मामा, हे कुणाबद्दल आहे?"

"तुझ्याबद्दल. कायद्याची भाषा अशीच असते."

त्याने परिशिष्टे उलटली. "आणि हे?"

"तेही तुझ्याबद्दलच."

तो हसला नाही, यावरून त्याला राग आला नसावा असे मी समजलो. "आठ वर्षं तुम्ही सगळ्यांना सांगत आलात, माधवला जमतं. कुणी ऐकलं नाही. आता पहिल्यांदा कुणी ऐकलं, मामा. अर्धा गुण वाढवून दिला. आणि तुम्ही त्यांच्यावरच अपील करायला निघालात."

"उद्या तू बाहेर बसशील," मी म्हणालो. "अंतिम सामना आहे. तुझी आई टीव्हीसमोर बसणार आहे."

"बसेन. बसायची मला सवय आहे." हे थट्टेचे वाक्य होते, पण त्याचा स्वर मध्येच दुमडला आणि तो पाण्याकडे पाहू लागला. तिकडे पाहतच म्हणाला, "मला खेळायचंय, मामा. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त. पण हे कागदावरचं जे आहे, ते बनून नाही."

त्याने कागद घडी करून माझ्या हातात दिला. मी तो पुन्हा खिशात ठेवला.

काशीत आले की एखादी आवडती वस्तू सोडून जायची असते, याचे शास्त्रीबुवांनी मला स्मरण करून दिले. त्यांच्या वडिलांचा एक यजमान कारले सोडून गेला होता. त्याला कारले जन्मात आवडले नव्हते. "सोडायचं तर आवडतं सोडावं, आप्पासाहेब. तुम्हाला काय आवडतं ते सगळ्या हॉटेलवाल्यांना ठाऊक आहे."

नदीत कागद टाकणे नियमाविरुद्ध असल्यामुळे मी अर्ज घरी आणला आणि उषाच्या परवानगीने तिच्या बंबात घातला. परिशिष्टे ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळचे नऊ वाजले तेव्हा मी कचौडी खात होतो. ती उत्तम होती, आणि तरीही मी ती अर्धीच टाकली.

पुन्हा क्रीडागृह

अंतिम सामना थायलंडशी होता. त्यांचे खेळाडू खुर्ची जागच्या जागी अशी फिरवीत की पाहणाऱ्याला भोवळ यावी. माधव कडेला होता. मी संघाच्या बाकामागच्या रांगेत बसून दोन्ही संघांच्या बेरजा करीत होतो. त्यात दोष सापडला असता तर मला बरे वाटले असते. सापडला नाही. तीन भाग संपले तेव्हा आम्ही नऊ गुणांनी मागे होतो आणि माधवच्या मांडीवरचा टॉवेल पिळून पिळून दोरीसारखा झाला होता.

चौथ्या भागात तोमर यांनी दोन बदल केले. हरीशच्या जागी माधव. त्याचा अर्धा गुण कोठून तरी कमी करावयास हवा होता, म्हणून दीड श्रेणीच्या खेळाडूला बाहेर घेतले आणि इम्रानला पाठवले. हा एक श्रेणीचा, पट्ट्याने खुर्चीला बांधलेला, अबोल मनुष्य. संपूर्ण स्पर्धेत त्याला एक मिनिटही खेळायला मिळालेले नव्हते. साडेचार, चार, अडीच, दोन, एक. मी बोटांवर दोनदा मोजले. चौदा. माधव अर्ध्याने वर चढला आणि त्यामुळे आणखी एका माणसाला मैदानाचे दार उघडले, हे मला तेव्हा कळले. माझ्या अकरा मुद्द्यांत याचा उल्लेख कोठेही नव्हता.

इम्रान आपली खुर्ची प्रतिस्पर्ध्यांच्या वाटेत नेऊन आडवी उभी करी. त्या गल्लीतल्या बैलाइतकाच तो अढळ होता. आणि मुळ्याचा पाला कोणापाशी नव्हता. मागून मोकळ्या झालेल्या वाटेने माधव जाई. दोन टोपल्या त्याने केल्या. तिसऱ्यासाठी निघाला तेव्हा दोन खुर्च्या आदळल्या आणि तो खुर्चीसकट पालथा पडला.

मी कठडा ओलांडून रेषेपर्यंत कसा पोचलो ते मला ठाऊक नाही. तेथल्या अधिकाऱ्याने हात आडवा धरला. पंचांनी बोलावल्यावाचून कोणीही आत जायचे नाही, असा नियम आहे. नियम योग्य होता. मी थांबलो.

माधवने दोन्ही तळहात जमिनीवर टेकले. छाती उचलली, कमरेशी बांधलेली खुर्ची त्याच्याबरोबर उचलली गेली. एक हिसका दिला आणि तो चाकांवर सरळ झाला; मग हात सोडून पुढे झुकला आणि पायापाशी घरंगळत आलेला चेंडू उचलून पंचांना दिला. कोणाचाही आधार नव्हता.

माझे डोळे त्याच्यावरून निघाले ते थेट परीक्षकांच्या टेबलाकडे गेले. डॉक्टरबाई त्या क्षणी शेजारच्या माणसाशी बोलत होत्या. मी रेषेवरूनच हात उंच करून त्यांचे लक्ष वेधले आणि माधवकडे बोट दाखवले. त्यांनी वळून त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मान हलवली: हो, पाहिले.

मी जागेवर येऊन बसलो. सामना आम्ही तीन गुणांनी हरलो, हे सांगायचे राहूनच गेले.